नेटवाला मागच्या पडवीत

आमच्या धवलची तक्रार कुणाकडे करावी ते कळत नाही, म्हणून तुमच्याकडे करते. पोरगा बंगलोरहून चार दिवसांसाठी घरी आला. जेवायला हाक मारली की आतून "आलोच" येतं, धवल येत नाही. मग ताट खोलीत न्यायचं. एका हाताने घास, दुसऱ्याने ठकठक, डोळे पडद्यावर. सुरमई वाढली की भेंडी, विचारलं तर सांगता यायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पण आमच्या इथल्या होळी नावाच्या बाजारात माझ्याशी हुज्जत घालून जिंकेल अशी बाई अजून जन्मायची आहे. तेव्हा ठरवलं, रविवारी हा जायच्या आधी एकदा तरी याला माझ्यासमोर पाटावर बसवून जेवू घालायचं. शनिवारी केळफुलाची भाजी करायला घेतली.

त्याच सकाळी वाडीत सुकेळी, म्हणजे सोललेली पिकली केळी, वाळत घातली आणि कावळे आले. पोफळीवरून एक काळी दोरी चांगली ताणलेली दिसली. तिला चार रिकामे डबे बांधले, वाऱ्याने वाजतील असे. कावळे गेले. पाठोपाठ घरातलं नेटही गेलं.

धवल बाहेर आला. तीन दिवसांत पहिल्यांदा उजेडात पाहिला, वारा लागलेल्या पापडासारखा मऊ पडलेला. "कळवलंय, माणूस पाठवतायत," म्हणाला, आणि काय सांगू, ओट्यावर माझ्या शेजारी बसला.

"एवढं काय करतोस रे त्यात?"

"यंत्राचं दार कुणी वाजवलं ना आई, की ते लगेच आत घेत नाही. आधी छोटी चिठ्ठी करतं. कोण, कुठून. मग 'ये' म्हणून कळवतं. समोरून 'आलो' असं आलं की चिठ्ठी फाडून त्याला खोली देतं."

"आणि नाही आलं तर?"

"पाचेक वेळा परत कळवतं. मग चिठ्ठी टाकून देतं."

पाचच वेळा. मी मनातल्या मनात माझ्या जेवायच्या हाका मोजल्या.

"पत्ते दोन तऱ्हेचे. जुने आखूड, नवे लांबलचक. दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या, पण निम्मा मजकूर तोच. मी जे सारखं आहे तेवढं एका चिठ्ठीत आणतोय, वेगळं ते मागे जोडतोय."

"मग दार लवकर उघडणार?"

"नाही गं. सगळं आधीसारखंच चालणार. कुणाला फरक कळला तर माझं चुकलं."

असलंही काम असतं आणि त्याला माणसं ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. पण सांगताना हात हलवत होता, लहानपणी पतंगाचं सांगायचा तसे. मी त्या हातांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात मागच्या दारी कुणी खोकलं. जाऊन बघते तर कामण गावचा काळूराम, खांद्यावर वायरीचं वेटोळं.

"मावशी, नेटच्या वायरला डबे कोनी बांधले? तुटली ना ती. पाच मिनिटांचं काम हाय."

पाच मिनिटं! माझी भाजी अजून चुलीवर होती.

"असं एकदम कामाला लागायचं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे पद्धत आहे. आधी चिठ्ठी." कॅलेंडरचं पान फाडून त्यावर लिहिलं, काळूराम, कामण. "बस पडवीत. बोलावते."

"चिठ्ठी कशाला, मावशी? वायर तर ही इथं..."

"सुकेळी खातोस?"

बसला.

हे मी मुद्दाम केलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

पुढच्या ओट्यावर धवल घड्याळ बघत म्हणाला, "अजून कसा आला नाही हा माणूस?"

"बसला असेल कुठेतरी खात."

मागे गेले तर काळूराम म्हणतो, "मावशी, पानी." पाणी दिलं. पुन्हा गेले तर, "मावशी, आता?" चहा दिला. माझी नुसती पुढेमागे धाव चाललेली, लग्नघरातल्या वाढप्यासारखी.

साडेबाराला दोन पाट मांडले. धवल मांडी घालून बसला. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "केळफूल." बघा, ओळखलं त्याने. माझे डोळे भरून आले, ते मी मिरचीवर ढकललं. आणि त्याचा फोन वाजला, नेटच्या ऑफिसातून.

"काय? तासभर बसलाय? कुणाच्या घरी?... आमच्याच?"

उठला, पडवीत गेला. काळूराम अकरावं सुकेळं खात होता. "साहेब, माझा नंबर लागला का?"

पाच मिनिटांत नेट आलं. "आलोच," म्हणत धवल खोलीत गेला. वाट बघून बघून मी दुसरं पान वाढलं आणि काळूरामला बसवलं. अकरा सुकेळ्यांवर त्याने भाजी दोनदा मागून घेतली.

चार वाजता धवल बाहेर आला, मोबाइलमध्ये बघतच. "आई, त्या माणसाला उगाच अडवून ठेवलंस. आज काम पाठवायचं होतं माझं."

"गेलं का?"

"गेलं. तपासणारे म्हणतायत, कामाचे तीन तुकडे करून परत पाठव." अंगठा पडद्यावर फिरतच होता. "भूक लागलीय. वाढतेस?"

मी जागची उठले नाही.

"धवल, तू आलास म्हणून शेजारच्या आल्बिनापासून सगळ्या आळीला सांगून बसलेय मी. तू अजून आलेला नाहीस. आलास की सांग, पान वाढते."