म्हाळसाबाईच्या शिक्षणखर्चाची हकीकत

श्रीगजानन, श्रीशारदा, आणि परक्याचें रडगाणें मुकाट बसून ऐकणारीं जीं कोणी माणसें पृथ्वीवर असतील त्या सर्वांस साष्टांग नमस्कार करून हा मजकूर लिहिला जातो. शके सतराशें एकेचाळीस, प्रमाथी नाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं, राज्यांत स्वस्थता आहे असें दरबारीं म्हणत. आम्हांस ती कोठें दिसली नाहीं. आम्ही कारभाऱ्यांच्या पालखीमागें दौत घेऊन चालणारे लेखक. जें डोळां देखिलें आणि जें मागाहून कानीं आलें तें लिहितों, वाचणारांनीं अक्षरास हंसूं नये.

त्या राज्यीं प्रजेस दोन रोग फार. एक मनाचा, कीं माणूस धडधाकट असून अन्न गोड लागेना, झोंप येईना, जीव उगाच धास्तावलेला. दुसरा व्यसनाचा, कीं दारू अफूनें घरेंच्या घरें बुडवावीं. यास्तव महाराजांनीं कृपाळू होऊन गांवोगांव ठाणीं घातलीं, आणि तेथें माणसें नेमिलीं, कीं आल्यागेल्याचें ऐकावें, धीर द्यावा, व्यसन सोडवावें. माणसें नेमिलीं, परंतु शिकविलीं थोडकीं. एक नियम मात्र सर्वांकडून घोकून घेतला, तो असा कीं समोरचा बोलूं लागला म्हणजे आपलें मागणें आणि आपलें दुखणें उंबऱ्याबाहेर जोड्यांजवळ ठेवावें. हा नियम तीं माणसें इतका पाळीत कीं घरीं जातांना जोडे तेवढे पायांत घालीत, बाकीचें तेथेंच राही.

नदीकांठीं तांबट आळीच्या ठाण्यावर म्हाळसाबाई म्हणून ठाणेकरीण होती. गेल्या चैत्रांत तिजकडे बाळोजी तांबट आला, वीस वर्षांचा पिणारा, आणि बाईनें त्यास मायेनें समजाविलें, आणि त्यानें त्याच दिवशीं दारूचा बुधला नदींत टाकिला, आणि आळीनें बाईची नारळानें ओटी भरली, आणि मग तिसरे दिवशीं बाळोजीस कांप भरला, नाहीं तीं माणसें भिंतींत दिसूं लागलीं, झटके आले, आणि तो गेला. बहुत वर्षांची दारू एकाएकीं तोडिली तर देह उलटतो, हें बाईस कोणी सांगितलेंच नव्हतें. राजधानीचे वैद्य हें जाणत, आणि दारू कशी उतरवावी, कोणतें औषध केव्हां द्यावें, हें पंधरवड्यांत शिकवीतही. दरबारीं विद्यावृद्धीचा म्हणून निराळा खर्चही मंजूर होता, कीं ठाणेकरांनीं राजधानीस यावें, शिकावें, आणि तोंवर ठाण्यावर बदली माणूस बसवावा. परंतु ज्याची गरज कारभारी स्वतां जाऊन ऐकतील त्यासच तो द्यावा, अशी आज्ञा होती, आणि कारभारी फिरत वर्षांतून एकदां. हत्ती जावा आणि शेंपूट अडकावें, तशी गत.

आतां बाळोजीचा धाकटा भाऊ धाकोजी, तोही पक्का पिणारा. त्यानें विधवा भावजयीसमोर, गोदूबाईसमोर, देवीस हात लावून शपथ घेतली कीं दसऱ्यापासून एक थेंब घेणार नाहीं. आळी आनंदली, परंतु म्हाळसाबाईस बाळोजीचा तिसरा दिवस आठवला. ती धाकोजीच्या तांबें तापवावयाच्या भट्टीवर गेली आणि म्हणाली, "धाकोजीदादा, जरा थांबा. मला शिकून येऊं द्या."

तो म्हणाला, "बाई, इतके दिवस सोड सोड म्हणून तुम्हीच मागं लागलात. आता थांब म्हणता? देवीपुढं बोलून चुकलोय मी."

बाई ठाण्यावर परतली. दसरा महिन्यावर आला होता. अशांत विद्यावृद्धीचे कारभारी अवधूतराव यांची पालखी त्या ठाण्यास येणार असें कळलें, आणि बाईनें काय मागावयाचें तें गोदूबाईस धरून तीनतीनदां म्हणून दाखविलें, आणि तो दिवस उजाडला, आणि कारभारी येऊन गादीवर विराजमान जाहले. आम्ही दाराशीं दौत उघडून बसलों.

अवधूतराव बोलिले, "बाई, काय हवें तें सांगा. आज ऐकावयासच आलों आहों."

बाईनें तोंड उघडिलें. परंतु तिनें पाहिलें कीं कारभारी उपरण्याचें टोंक सारखें पिळीत आहेत, आणि त्यांचे डोळे लाल आहेत. आणि तिच्या तोंडून निघालें तें हें, "सरकारांना झोप लागत नाही का?"

झालें. बांध फुटला. अवधूतराव सांगूं लागले, कीं महाराज हिशेब मागतात, सोबती पाय ओढतात, थोरला मुलगा समोर आला तरी बोलत नाहीं, पहांटे छातीवर धोंडा ठेवल्यागत जाग येते. आणि समोरचा बोलूं लागला म्हणून बाईनें आपलें मागणें जोड्यांजवळ ठेविलें, आणि ऐकत राहिली, आणि दोन प्रहर टळले. आम्हांस आंतून वाटे कीं बाई, आतां तरी बोल. पण लेखकानें मध्यें बोलूं नये. अखेर कारभारी डोळे पुसून उठले, आणि प्रसन्न होऊन बोलिले, "तुमच्यापाशीं जी विद्या आहे ती राजधानींत कोणापाशीं नाहीं." आणि आम्हांकडे वळून आज्ञा जाहली, "लिहा. या ठाण्यास शिक्षणाची गरज नाहीं." हुकूम तो हुकूम.

पालखी हालली. गोदूबाईनें पुढें होऊन विचारिलें, "मागितलंत का?" तेव्हां म्हाळसाबाई पालखीमागें धांवत सुटली, अनवाणी, आणि शिवेवर तिनें आम्हांस गांठिलें, आणि "सरकार, माझं एक मागणं राहिलं," असें म्हणून पडद्यास हात घातला. आंत अवधूतराव झोंपले होते. कित्येक महिन्यांची झोंप ती, तोंड किंचित उघडें, लहान लेंकरागत. भोई हळूच म्हणाला, "उठवू का, बाई?" बाई पाहत उभी राहिली. आम्हांस तिचा राग आला, आणि दयाही आली. मग तिनें पडदा सारखा केला आणि म्हणाली, "नको. झोपूं द्या." आणि माघारी फिरली.

दसऱ्यास धाकोजीनें दारू सोडिली. दुसरे दिवशीं कांप भरला. बाई उशाशीं बसली, पेज पाजली, मिठासाखरेचें पाणी पाजलें, हात धरिला, भिंतींत कोणी नाहीं म्हणून सांगत राहिली, आणि मनांत बाळोजीचे झटके मोजीत राहिली. चौथे दिवशीं कांप उतरला. दरबारीं हें कळलें, आणि आज्ञा बरोबरच होती असा शेरा पडला. आळीनें पुन्हां नारळ आणिला, तो बाईनें घेतला नाहीं. पेजेनें वांचला, कीं हात धरल्यानें, कीं भावाहून चार घोट कमी पीत होता म्हणून, हें तिला कळलें नव्हतें. त्याच सायंकाळीं धाकोजीचा मेहुणा हंसतमुखें ठाण्यांत आला आणि म्हणाला, "बाई, दाजींचं बघून मीपण सकाळपासून सोडली."

येणेंप्रमाणें हकीकत. विद्यावृद्धीचा खर्च शाबूत राहिला, कारभाऱ्यांस झोंप लागली, धाकोजी वांचला. मेहुण्याचा आज दुसरा दिवस आहे, आणि बाई त्याच्या हातांकडे पाहत बसली आहे.