वीसपैकी वीस मिळवणारा नवरा

प्रेबेन ओस्टरगार्ड, वय अडुसष्ट, मूळचे डेन्मार्कचे. पत्नी मालीवान हिच्यासह ते थायलंडमधल्या नोंगफुआ गावात घर क्रमांक ८७/२ मध्ये अकरा वर्षे सुखाने नांदत होते. हे सुख त्यांना दरवर्षी सिद्ध करावे लागे. थाई बायकोच्या परदेशी नवऱ्याला देशात राहण्याची परवानगी एका वर्षाची मिळते. संसार गेल्या वर्षी होता म्हणून यंदाही असेलच, असे गृहीत धरायला कायद्याला कोणी सांगितलेले नाही.

सिद्ध करण्याची पद्धत ठरलेली होती. फाटकापाशी घराचा क्रमांक दिसेल असा उभयतांचा फोटो, बैठकीच्या खोलीतला एक, पलंगाच्या काठावर बसून एक, घराकडे येण्याचा हाताने काढलेला नकाशा, आणि शेजारचा एक साक्षीदार. प्रेबेन नकाशा फार मन लावून काढत. देवळाच्या वळणावर बसणारा कुत्राही ते दाखवत, आणि कुत्रा मेला त्या वर्षी त्यांनी तो खोडून बाजूला सही केली होती.

यंदा मात्र एक नवा कागद आला होता. पती-पत्नींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांविषयी वीस प्रश्न विचारायचे होते. प्रेबेन यांनी चौतीस वर्षे टपालखात्यात पत्रे निवडण्याचे काम केले होते आणि पाहिलेले ते विसरत नसत. मालीवान पपईच्या कोशिंबिरीत चार मिरच्या घालते आणि रागात असली की सात. ती भिंतीकडच्या बाजूला झोपते. काचबिंदूचे थेंब संध्याकाळी सहाला, डाव्या डोळ्यात दोन, उजव्यात एक. तिचा हात थरथरतो म्हणून ते प्रेबेनच घालतात. अकरा मिनिटांत त्यांनी कागद परत दिला.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयातले निरीक्षक विसुत यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्टर प्रेबेन, वीसपैकी वीस?"

"हो साहेब," प्रेबेन खूश होऊन म्हणाले.

"फार वाईट झालं. माझी नोकरी एकवीस वर्षांची झाली. खऱ्या नवऱ्याला सातच्या वर गेलेलं मी अजून पाहिलं नाही. वीस मार्क खोट्या नवऱ्यालाच पडतात. तो बिचारा पाठ करून येतो ना!"

"पण मला खरंच माहीत आहे, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी. का माहीत आहे?"

"रोज बघतो म्हणून," असे प्रेबेन पुटपुटले. निरीक्षकांनी ते लिहून घेतले आणि त्याखाली तांबडी रेघ ओढली.

तुलनेसाठी साक्षीदाराला आत बोलावण्यात आले. साक्षीदार म्हणजे शेजारचे बुनमाकाका, लग्नाला अडतीस वर्षे झालेले.

"बायकोचा वाढदिवस?"

"असतो, असं ती म्हणते."

"तिचं कागदावरचं नाव?"

"आम्ही तिला थोंग म्हणतो. कागद काय म्हणतो ते कागदाला विचारा."

"तिला कसलं औषध चालू आहे?"

"पांढऱ्या गोळ्या असतात," बुनमाकाका म्हणाले, आणि जरा विचार करून पुढे म्हणाले, "का माझ्याच आहेत त्या?"

बुनमाकाकांना वीसपैकी तीन मिळाले. निरीक्षकांनी उठून त्यांचा हात हातात घेतला, त्यांचा फोटो काढला आणि 'प्रमाणित पती (नमुना)' अशी चिठ्ठी लावून तो भिंतीवर टांगला. प्रेबेन यांच्या पारपत्रावर 'विचाराधीन' असा शिक्का बसला. तीस दिवसांनी फेरपरीक्षा, आणि सातपेक्षा जास्त गुण पडले तर सात दिवसांत देश सोडायचा.

घरी येताना प्रेबेन सारखे घड्याळ बघत होते. देश सोडावा लागेल याची त्यांना भीती नव्हती, देश त्यांनी एकदा सोडलाच होता. पण सहा वाजता हिच्या डोळ्यात थेंब कोण घालणार, हा विचार काही केल्या सुटेना.

"एवढं तोंड पाडायला काय झालं म्हातारबा?" मालीवान म्हणाली. "विसरायचंच आहे ना? गावातल्या सगळ्या बाप्यांना जमतं. तुम्हीच काय अगदी ढ आहात का?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बुनमाकाका रोज चारला येत आणि व्हरांड्यात चटईवर पसरत.

"ती बोलायला लागली की 'हूं' म्हणायचं," ते सांगत. "मधे एकदा 'असं का?' पण लगेच नाही. आधी मोबाइलकडे बघायचं."

"आणि ती काय म्हणाली ते ऐकायचं नाही?"

"ऐकलंत तर लक्षात राहतं ना, साहेब!"

पहिला आठवडा जड गेला. मालीवान मिरच्या चेचायला बसली की प्रेबेन यांचे ओठ आपोआप मोजू लागत. ते लक्षात येताच काका त्यांना अंगणात पिटाळत. थेंब घालण्याचे काम सरावापुरते काकांच्या बायकोकडे, थोंगमावशीकडे गेले. दुसऱ्या आठवड्यात प्रेबेन यांच्या ध्यानात आले की, विसरणे मुळीच अवघड नाही, उलट त्यात मोठा आराम आहे. तिसऱ्या आठवड्यात मालीवानने केस कापून आणले. प्रेबेन "हूं" म्हणाले. बुनमाकाकांनी त्यांची पाठ थोपटली. मालीवानही हसली, पण जरा उशिरा.

पलंगावरचा फोटोही नव्याने काढला. जुन्यात दोघे एकमेकांना टेकून बसले होते, त्यावर 'अनैसर्गिक' असा शेरा पडला होता. नव्यात दोघांमध्ये हातभर अंतर होते. ती कॅमेऱ्याकडे पाहत होती आणि ते मोबाइलकडे. निरीक्षकांना तो इतका पटला की त्यांनी एक प्रत कार्यालयासाठी मागून घेतली.

फेरपरीक्षेत प्रेबेन यांना चार गुण मिळाले. त्यातले एक उत्तर अंदाजाने बरोबर आले होते.

"अभिनंदन!" शिक्का मारत निरीक्षक म्हणाले. "आता कोणी बोट ठेवू शकणार नाही तुमच्या संसारावर. एक वर्षाची निश्चिंती."

त्या दिवशी संध्याकाळी मालीवानने थोंगमावशीला येऊ नको म्हणून सांगितले. सहा वाजता ती वेताच्या खुर्चीत मान मागे टाकून बसली. प्रेबेन बाटली घेऊन तिच्यावर वाकले आणि तसेच थांबले.

"दोन कुठल्या डोळ्यात?"

मालीवान खो खो हसली. "पुरे हो म्हातारबा, परीक्षा संपली!"

प्रेबेन हसले नाहीत. बाटली धरून ते तिच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. तिचे हसणे हळूहळू थांबले.

"डाव्यात," ती म्हणाली.

नोंगफुआच्या कार्यालयात आपले काही काम नाही, असे वाचकांना वाटत असेल. तरी सावध असलेले बरे, म्हणून एक सोपा प्रश्न. आतल्या खोलीत हाक न मारता सांगा, तुमच्या घरातले माणूस सध्या कोणती गोळी घेते, आणि कशासाठी? उत्तर चटकन आले असेल तर कागदपत्रे हाताशी ठेवा, तुमचे नांदणे संशयास्पद आहे. आले नसेल तर मुळीच काळजी करू नका. तुमचा विवाह अस्सल आहे, आणि भिंतीवर बुनमाकाकांच्या शेजारी अजून बरीच जागा आहे.