शंभरातली एकशे सात

खड्डे शंभर. त्यांत आंब्याची जिवंत रोपं एकोणऐंशी, वाळलेली अठरा, आणि तीन खड्ड्यांत काहीच नाही. रखमाजीनं दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा खालून वर.

उतारावरची माती धरून राहावी म्हणून सरकारनं रोपं फुकट दिली होती. वर्षानं त्यातली ऐंशी जगलेली दिसली, तर ठिबकचा संचही फुकट मिळणार होता. वर्षभर विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहून त्याच्या बायकोची, साळुबाईची मान डावीकडे वळेनाशी झाली होती. आणि एक रोप कमी! नवं लावलेलं चालणार नव्हतं. रखमाजीनं कुणाला न सांगता आळेफाट्यावरून पाच आणून लावली. एक गरजेचं, चार भरवशाची.

सोमवारी तपासणीला कृषी सहायक तेजस्विनी मॅडम आल्या. नोकरीला लागून चारच महिने झालेले. प्रत्येक रोपाशी चुन्याची चिमूट टाकत त्यांनी मोजलं.

“काका, एकशे सात.”

रखमाजीनं टोपी मागं सरकवली. “लई झाली का?”

“शंभर दिली होती ना?”

त्याचा धाकटा भाऊ गेणभाऊ मदतीला धावला. “म्याडम, वरीस झालं लावून. झाली असतील पोरं.”

मॅडमनी पुन्हा मोजलं. एकशे सात. “एकशे सात टक्के जगली, असं वर कसं कळवू? खोटं म्हणून सगळंच रद्द करतील.”

“सात उपटू का?” साळुबाईनं विचारलं.

“उपटून कसं चालेल, मावशी? मेलेल्या रोपाचं कारण लिहावं लागतं. रकाने चारच आहेत. पाणी, वाळवी, रोग, जनावर.” आपल्यालाच ऊन लागलं असावं, असं वाटून त्या तोंड धुवायला विहिरीवर गेल्या.

त्या लांब जाताच रखमाजी हळूच म्हणाला, “मी पाच लावली.”

“आवं, मी धा लावली! तुमचं त्वांड बघून वाटलं, लईच मेली.”

दोघांनी गेणभाऊकडं पाहिलं.

“तेरा,” गेणभाऊ म्हणाला. “खड्डं सहाच रिकामं व्हतं. बाकीची वाया कशाला, म्हनून सात नवं खांदलं. वहिनीची मान बघवंना, राव.”

वाळवीला बोलावणं धाडता येत नाही. जनावर शेजारीच होतं. गेणभाऊनं बायडाबाईची शेळी सोडून आणली, “सातच, बरं का,” असं तिला बजावलं आणि दावं साळुबाईच्या हाती दिलं. शेळीनं सात खाल्ली, अगदी ओळीनं. आठव्याला दावं निसटलं.

“अगं, धर तिला!”

“कुठं गेली?”

“डावीकडं!”

“तिकडंच तर वळाया येत न्हाई मला!”

रखमाजी वरून, गेणभाऊ खालून, आणि मधे शेळी पंगतीला बसल्यासारखी. शेवटी मॅडमच ओल्या तोंडानं धावत आल्या. त्यांनी शेळीचा कान पकडला, तिच्या तोंडातून एक शेंडा ओढून काढला आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या. या वेळी तिघंही ओठ हलवत मागून चालली होती.

मॅडमनी तक्ता भरला. दिलेली रोपं शंभर. मेलेली वीस, कारण जनावर. जिवंत ऐंशी. त्यांपैकी शेवटच्याला पानं दोन.