आजोबांची बेरीज

शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. बेरीज म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! त्यामुळे लेकीचा फोन आला, "बाबा, हिला बेरीज काही केल्या समजत नाहीये. जमेपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओवर शिकवाल का?" तेव्हा मी आधी जरा भाव खाल्ला आणि मग हो म्हटलं. खरं तर फोनला मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. सहा वर्षांची माझी नात राहते आठ तासांच्या प्रवासावर. एरवी आमचं बोलणं म्हणजे रविवारी "जेवलात का?", "जेवलो", एवढंच.

पहिल्या दिवशी जय्यत तयारी केली. स्वयंपाकघरात दोरी बांधली, तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावले, तीन लाल आणि दोन निळे. फोन साखरेच्या डब्याला टेकवला.

"सगळे मिळून किती?"

"पाच."

"आणि हा पिवळा लावला तर?"

"सहा. आलं मला, आजोबा. आई, मला बेरीज आली!"

दहा मिनिटांत! स्वतःच्या शिकवण्याचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. आता लेक "थँक्यू बाबा" म्हणणार आणि पुन्हा रविवार ते रविवार. माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा कुठे? पाचच तर आहेत."

नातीने डोळे बारीक केले. "आजोबा, नीट मोज."

मी नीट मोजलं. सात आले.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी उलटी झाली. ती तिकडून बाहुल्या, मोजे, बिस्किटं मांडायची, मी इकडे चुकायचो. चुकणं सोपं नसतं हो. रोज नवं उत्तर काढायचं, वर चेहरा भाबडा ठेवायचा. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. ती ओरडायची, मग समजूत घालायची, "असू दे आजोबा, उद्या येईल." त्या एका वाक्यासाठी मी सकाळपासून संध्याकाळची वाट बघायचो.

नवव्या दिवशी ती आईला म्हणाली, "आजोबाला तीन आणि चार किती ते येत नाही. रोज सांगते, रोज विसरतो."

झालं! गणिताचा मास्तर आणि तीन अधिक चार विसरतो? लेकीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने शेजारच्या वहिनींना फोन केला. वहिनींनी साक्ष दिली, "हल्ली दोरीवर कपडे नसतात हो, नुसतेच चिमटे लावतात." शुक्रवारी सकाळी माय-लेकी बॅगा घेऊन दारात हजर. मला इतका आनंद झाला की खरं सांगायचं राहूनच गेलं.

"बाबा, तुम्ही बरे होईपर्यंत मी रजा वाढवते," लेक डोळे पुसत म्हणाली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण तोंड उघडेल?

संध्याकाळी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चित्रांची कार्डं काढली. एकावर तीन बदकं, दुसऱ्यावर चार.

"सगळी मिळून किती, मास्तर?"

सहा म्हटलं की महिनाभर घर भरलेलं. सहा अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नातीकडे लक्ष गेलं. माझ्या खुर्चीला चिकटून, श्वास रोखून ती उभी होती. तिचा विद्यार्थी परीक्षेला बसला होता. निकालाच्या दिवशी माझाही चेहरा असाच व्हायचा.

"सात," मी म्हणालो.

तिने अशी उडी मारली की डॉक्टरांचं टेबल हललं. पुढचं प्रत्येक कार्ड मी बरोबर सांगितलं. दर वेळी ती टाळ्या वाजवत होती, थांबणार कसा? "ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि रविवारची परतीची तिकिटं काढली.

निघताना नातीने माझी पाठ थोपटली. "शाब्बास आजोबा. तुला सगळं येतं आता. आता शिकवणी बंद."

शेवटचं एक कार्ड तरी चुकायला हवं होतं मी. पण हे सुचलं कधी, तर त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर!