देवरेकाकांचं शटडाऊन

आमच्या इमारतीत कुणाच्याही नळाचं वायसर बदलायचं झालं, की देवरेकाका आधी गच्चीवर जात, टाकीचा मुख्य कॉक बंद करत आणि त्याची मूठ काढून पँटच्या खिशात घालत. मग जिन्यातून ओरडत उतरत, "शटडाऊन! भांडी भरून ठेवा!" कॉक आधीच बंद, तर भांडी भरायची कशानं, हे विचारायची सोय नव्हती.

काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. "यंत्रात माणूस उतरला की किल्ली त्याच माणसाच्या खिशात," हा तिथला नियम त्यांनी आमच्या मोऱ्यांना लावला होता. एकदा तर ते मूठ खिशात विसरून पुतण्याच्या हळदीला थेट गावी, देवळ्याला गेले. मोबाइल अजून कुणाकडे आलेले नव्हते. नाशिक रोडची आख्खी इमारत तोंडाला साबण लावून बसली. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून आले ते विचारतच, "कॉकला कुणी हात तर नाही ना लावला?"

माझं नळाशी कधीच जमलं नाही. एका रविवारी गळका नळ मी जरा जोरात आवळला, तर तो हातातच आला. भोकावर अंगठा दाबून मी उभा, आणि पाठीमागून ही म्हणतेय, "अहो, काहीतरी करा ना!" जणू मी तिथं हौसेनं उभा होतो. काका धावत आले आणि मला नखशिखांत भिजलेला बघून आपल्या अहिराणीत कडाडले, "हाई काय शे?" मग शुद्ध मराठीत, "कामाला हात लावायचं परमिट कोणाचं घेतलं होतं?"

पण आई पडली, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हा घरातलं हसूच आटलं. डॉक्टरांनी बजावलं, बसून अंघोळ, वाकायचं अजिबात नाही. आईनं दवाखान्यातूनच जाहीर केलं, "अंघोळ माझी मी करणार. दुसऱ्याच्या हातची नको."

हिनं समजूत घातली, मी घातली.

"मग मला घरी नेऊच नका," म्हणून आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बादली उंचावर हवी, म्हणून मी ती स्टुलावर ठेवून पाहिली. नळ बादलीच्या खाली राहिला. माझी अक्कल तिथं संपली.

काकांना आम्ही बोलावलं नव्हतं. ते स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, मोरीत मांडली, कपड्यांसकट बसले आणि डोळे मिटून नसलेल्या तांब्यानं अंघोळ करू लागले.

"काका, सासूबाई तुमच्यापेक्षा ठेंगण्या आहेत हो," ही दारातून म्हणाली.

"म्हणून तर आखडून बसलोय! पेन्सिल आणा."

त्यांनी बादलीसाठी विटांचा ओटा बांधला, पाईप जोडून नळ वर नेला. काम झालं असं मला वाटलं, तरी ओट्याच्या पुढच्या कडेवर ओल्या सिमेंटात बोटं फिरवत ते बसलेच.

"झालं की काका."

"नाही झालं. इथं गुडघा लागतो."

आई घरी आली. मोरीचं दार लागलं. निकालाला उभं राहावं तसे आम्ही दोघं बाहेर. आतून तांब्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मग आईचा, "दारात काय उभे आहात? चहा टाका!" पुढची कित्येक वर्षं तिनं अशीच, कुणाचा हात न लागता अंघोळ केली. त्यासाठी देवरेकाकांना मी अजूनही मनातल्या मनात हात जोडतो.

आई घरी आली त्या दिवशी हिनं शिरा केला. आभाराची वाक्यं जुळवत मी ताटली घेऊन वर गेलो.

"हात धुऊन या, दोघं मिळून खाऊ," काका म्हणाले.

त्यांच्या मोरीत गेलो, तर तसाच विटांचा ओटा, तेवढ्याच उंचीवर नळ.

"आमची ही शेवटचं वर्षभर बसून अंघोळ करायची," काका मागे येऊन उभे होते. "तिलाही माझ्या हातची नको असायची. मी कड चौकोनी ठेवली होती. अगदी शेवटी दिसलं मला, गुडघा काळानिळा झालेला. बोलली नाही कधी."

मी ओट्याकडे पाहिलं. कड गोल होती. तेवढंच सिमेंट वेगळ्या रंगाचं.

"ती गेल्यावर केली," काका म्हणाले. "चला, शिरा गार होतोय."