कडवेलीच्या नोंदीखालचं नाव

बाळांनो, एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगी सोडतं, कोणी पलंगावर झोपणं सोडतं. मी 'असं म्हणतात' हे सोडलं. ऐकलेली गोष्ट पुढे सांगायची, तर आधी सांगणाऱ्याचं नाव घ्यायचं. नाव आठवत नसेल, तर गोष्ट गिळून टाकायची आणि वर तुळशीचं पान खायचं.

नेम दिसायला साधा, पण जड गेला. मंगळागौरीला बायका जमल्या आणि मी निम्मा वेळ गप्प. शेवटी धाकट्या जावेने विचारलं, "ताई, घसा बसलाय का?"

तर त्या नेमाला धरून आधीच सांगते. ही गोष्ट मला माझ्या नणंदेने, कुमुदवन्संनी सांगितली. त्यांना कोणी सांगितली, ते त्या विसरल्या. तेवढं देवाने सांभाळून घ्यावं.

एका जंगलात एक ज्ञानकोश होता. तो कागदाचा नव्हता. कोळ्यांनी झाडाझाडांमधून जाळं विणलं होतं. ओढ्याकाठच्या मोठ्या वडावर कोणी नोंद केली, की ती जाळ्यावरून जंगलातल्या प्रत्येक झाडावर उमटायची. ज्याला जे हवं, त्याने आपल्या दारच्या झाडावर वाचावं.

कोशाचे संपादक होते साळिंदरराव. लिहायला काटा कधी कमी पडायचा नाही, म्हणून त्यांना नेमलं होतं.

प्रत्येक नोंदीखाली, ती माहिती ज्याने दिली त्याचं नाव असायचं. कसंही असायचं. कुठे 'हे पाणकावळ्याने सांगितलं.' कुठे 'अस्वलकाकांचा स्वतःचा अनुभव, अजून पाठ दुखते.' कुठे 'मोराकडून ऐकलं, गेल्या पावसाळ्यात, तो नाचत होता तेव्हा.'

प्राणी नोंद वाचायचे, मग खालचं नाव वाचायचे आणि मग काय ते ठरवायचे. 'जांभळाची वरची फांदी मजबूत आहे. सांगणार: वानर.' एवढं वाचून हत्ती घरी जायचा.

कारभार असा गबाळा होता, पण कोणी फांदीवरून पडत नव्हतं.

एकदा शेजारच्या जंगलातून बगळेसाहेब पाहुणे आले. त्यांच्याकडेही कोश होता. त्यांनी वडाभोवती एका पायावर उभं राहून सगळ्या नोंदी वाचल्या आणि चोच वाकडी केली.

"माहिती बरी आहे," ते म्हणाले. "पण संदर्भ एकसारखे नाहीत हो तुमचे. कुठे नाव आधी, कुठे पावसाळा आधी. आमच्याकडे कुठलीही नोंद काढा, खाली एकच नमुना."

साळिंदररावांचे काटे शरमेने खाली बसले. "कसा असतो तुमचा नमुना?"

"'सांगणार: बगळा.' सगळीकडे."

आणि त्यांनी एक नोंद म्हणून दाखवली. 'आमच्या तळ्यातले मासे सुखात आहेत. सांगणार: बगळा.' सगळ्यांनी मान डोलावली. नमुना खरंच देखणा होता.

बगळेसाहेब गेले, आणि दुसऱ्याच दिवशी साळिंदररावांनी संदर्भ-समिती नेमली. समितीत एक पिंगळेशास्त्री, कारण त्यांचे डोळे मोठे होते. आणि एक वानरराव, कारण बैठक वडावरच्या त्यांच्या फांदीवर होती.

पहिला ठराव एकमताने झाला. नमुना ठरेपर्यंत सगळ्या नोंदींखालची नावं उतरवून ठेवायची. चुकीच्या पद्धतीने नाव असण्यापेक्षा नाव नसलेलं बरं. साळिंदररावांनी काटा फिरवला. जाळ्यावरून सगळी नावं पुसली गेली आणि कोश एकदम स्वच्छ दिसू लागला.

मग चर्चा सुरू झाली.

नाव आधी की साल आधी? साल घालायचं, तर नोंद पहिल्यांदा केली ते, की शेवटची बदलली ते? कारण कोशातली नोंद रोज बदलते, छापल्यासारखी एका जागी राहत नाही. आणि नाव घालायचं, तर सांगणाऱ्याचं, की नोंद लिहिणाऱ्याचं, की संपादकांचं? इथे साळिंदरराव नम्रपणे म्हणाले की त्यांचं नसलं तरी चालेल. पण ते अशा सुरात म्हणाले की नाव घालावंच लागलं.

मग पृष्ठ क्रमांकाचा प्रश्न आला. जाळ्याला पृष्ठं कुठून आणायची? वानरराव म्हणाले, "वडाची पानं मोजू या. ज्या पानाजवळ नोंद दिसते, त्या पानाचा क्रमांक." हे सगळ्यांना फार आवडलं. मग पानगळ आली आणि तो विषय पुन्हा चर्चेला घेण्यात आला.

सगळ्यात मोठा वाद झाला, तो नोंद पाहिल्याच्या तिथीचा. नोंद बदलत असते, तेव्हा वाचणाऱ्याने ती कुठल्या तिथीला पाहिली हे लिहायला हवं, इथवर एकमत होतं. पण तिथी सूर्योदयाची धरायची, की वाचली त्या वेळची? पिंगळेशास्त्री रात्री वाचायचे, वानरराव दिवसा. दोघांची तिथी जुळेना. बाळांनो, या वादाला मी मुळीच हसणार नाही. एकादशी दोन दिवस आली की आमच्या घरीही असंच होतं, आणि साबुदाणा दोनदा भिजवावा लागतो.

अशी समिती बसलेली असताना एका दुपारी हरिणताई ओढ्याकाठी आली.

तिचं पाडस तापाने फणफणलं होतं. ते कसंबसं तिच्यामागून चालत आलं आणि वडाखालच्या गवतात पडून राहिलं. त्याचं पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. हरिणताईच्या तोंडात कडवेलीचा पाला होता. कडवेल त्या ओढ्याच्या काठालाच उगवायची. आणि कोशात नोंद होती: 'कडवेलीचा पाला तापावर गुणकारी.'

नोंदीखाली काही नव्हतं.

हरिणताईने पाला पाडसाजवळ ठेवला आणि वर मान केली. "साळिंदरभाऊ, हे कडवेलीचं कोणी सांगितलं हो?"



"तेच आम्ही ठरवतोय," साळिंदरराव म्हणाले.

"कोणी सांगितलं ते ठरवताय?"

"छे छे. कोणी सांगितलं ते आम्हा तिघांनाही माहीत आहे. ते कसं लिहायचं, हे ठरवतोय."

"लिहू नका मग. नुसतं सांगा."

पिंगळेशास्त्री पेंगत होते, ते खडबडून जागे झाले. "नुसतं सांगा? तोंडी? ताई, तोंडी सांगितलेल्या माहितीचा नमुना वेगळा असतो. तो परिशिष्टात येणार आहे."

"परिशिष्ट कधी होणार?"

"मुख्य भाग झाला की."

हरिणताईने पाडसाकडे पाहिलं. ते आता डोळेही उघडत नव्हतं. "शास्त्रीबुवा, माझं लेकरू बघा तरी. ताप चढतोय. पाला देऊ की नको, एवढंच सांगा."

"हा वैद्यकाचा प्रश्न झाला," पिंगळेशास्त्री म्हणाले. "आमच्याकडे संदर्भाचा विषय आहे."

वानररावांना मात्र दया आली. ते पारंबीला लोंबकळत खाली आले आणि हळूच म्हणाले, "ताई, मी सांगितलं असतं हो. पण आडनाव आधी सांगू की नाव आधी? एकदा तोंडून चुकीचं गेलं, की तेच रूढ होतं."

"तुम्ही कसंही सांगा, भाऊ. उलटं सांगा. मी सुलटं करून घेईन."

"वाचकांवर असं सोपवता येत नाही," वरून साळिंदरराव म्हणाले. "तसा मागच्याच बैठकीत ठराव झालाय. पण नोंद खरी आहे बरं का, ताई. खात्रीशीर आहे. आम्ही कधीच खोटं लिहीत नाही."

हे मात्र खरं होतं. कोशात खोटं काही नव्हतं.

हरिणताई आणखी काय करणार? नोंद खरी, संपादक भले, लेकरू तापलेलं. तिने पाला पुन्हा तोंडात धरला आणि पाडसाच्या ओठांशी नेला. पाडसाने आईचा वास ओळखून तोंड उघडलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

"कुठाय तो काटेवाला? माझं नाव कोणी पुसलं?"

ती शेळीमावशी होती. पूर्वी ती गावात असायची, एका जत्रेच्या आदल्या दिवशी दोर कुरतडून जंगलात आली आणि इथलीच झाली. कोशात तिची एकच नोंद होती आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायची.

"मी पाहुण्यांना घेऊन झाडापाशी गेले, म्हटलं, बघा, माझं नाव! तर खाली साफ पुसलेलं! माझी शोभा झाली की हो पाहुण्यांत! कडवेलीचं मी सांगितलं होतं ना? मी!"

"मावशी, शांत व्हा," साळिंदरराव म्हणाले. "नाव परत लावणार आहोत. फार सुंदर लावणार आहोत. 'मावशी, शे.'"

"शे? शे म्हणजे काय? शेपूट?"

"शेळीचं संक्षिप्त रूप आहे ते."

"संक्षिप्त तुमच्या घरी! अख्खी शेळी आहे मी!"

हरिणताईने पाला पाडसाच्या तोंडातून झटकन ओढून घेतला. "मावशी, कडवेलीचं तुम्ही सांगितलंत?"

"मग कोण सांगणार? मला ताप आला होता. समोर दिसली ती वेल खाल्ली. ताप गेला."

"पचली तुम्हाला?"

"मला काय पचत नाही ग? गावात असताना एकदा मी पंचांग खाल्लं होतं. सबंध, दोऱ्यासकट. वर्षभर त्या घराला मुहूर्त नव्हता."

"आणि तुमच्या करडांना दिली होतीत कडवेल?"

शेळीमावशीचा आवाज एकदम खाली आला. "करडांना? वेडी की काय! पोरांच्या पोटात ती आगीसारखी जाते. माझ्या थोरल्या बहिणीने दिली होती तिच्या करडाला. नको ते बोलणं."

हरिणताईने पाला पायाखाली तुडवला. "अहो मावशी, मग हे नोंदीत का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं? त्यांनी विचारलं, ताप कशाने गेला. मी म्हटलं, कडवेलीने. खाली माझं नाव होतं ना ठळक! ज्याच्या घरात लेकरू आजारी असेल, त्याने येऊन मला विचारायचं. माझं घर काय काशीला आहे?"

मग ती पाडसाजवळ गेली, त्याला हुंगलं आणि म्हणाली, "ओढ्यात भिजवून आण त्याला. मग गार मातीत निजव. आणि तोंडात तुझ्या दुधाखेरीज काही घालू नकोस."

हरिणताईने तसंच केलं. ऊन उतरलं, तसा तापही उतरला. पाडसाने उठून पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कडवेलीकडे तोंड नेलं. हरिणताईने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

मग ती वडाखाली आली. "साळिंदरभाऊ, त्या नोंदीखाली आता दोन ओळी घाला. शेळीने सांगितलं, आणि लेकरांना देऊ नका."

"ताई, अत्यंत महत्त्वाची माहिती आहे ही," साळिंदरराव म्हणाले. त्यांनी काटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "पण संदर्भाशिवाय आम्ही काही घालत नाही. आणि संदर्भाचा नमुना अजून..."

"ठरायचाय."

"ठरायचाय."

 हरिणताई तिथेच, वडाखाली, उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सांबरीण नोंद वाचून पाला तोडायला आली. हरिणताई म्हणाली, "बाई ग, हे शेळीमावशीने सांगितलंय. तिच्या पोटाचं आहे ते, लेकरांच्या पोटाचं नाही. पटत नसेल तर पलीकडेच तिचं घर आहे, विचारून ये." सांबरीण पलीकडे गेली. परत आली ती रिकाम्या तोंडाने. मग भेकर आलं, मग नीलगाय आली. हरिणताई तिथेच होती. चरायला गेली तरी पानाचा आवाज आला की धावत यायची.

समितीच्या हे लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. बैठकीत विषय निघाला.

"उपक्रम चांगला आहे," पिंगळेशास्त्री म्हणाले, "पण एकसारखेपणा नाही. सकाळी ती वडाच्या डाव्या बाजूला असते, दुपारी उजव्या. सावली फिरते तशी फिरते."

"कधी नाव आधी सांगते, कधी हकीकत आधी," वानरराव म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय."

"आणि पाहिल्याची तिथी?" साळिंदररावांनी विचारलं.

तिथी ती मुळीच सांगत नव्हती.

तेव्हा समितीने हरिणताईला अतिशय आदराने कळवलं की आपली जागा निश्चित होईपर्यंत आपण वडाखालून जावं. निरोप घेऊन वानरराव स्वतः खाली आले. हरिणताईने निरोप नीट ऐकून घेतला, त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

 वानरराव ते समितीला विचारायला वर गेले.

ते अजून खाली आलेले नाहीत. हरिणताई अजून तिथेच उभी आहे.

तात्पर्य: बाळांनो, विद्येच्या कामात घाई करू नये. नोंदीखाली नाव असलं की लोक त्या नावाच्या घरी जाऊन नको ते विचारतात, आणि उगीच खरं कळतं. म्हणून आधी नमुना ठरवावा. पाडसं दर वर्षी होतात, नमुना एकदाच ठरतो. विद्वान मंडळी मनाने फार चांगली आहेत, त्यामुळे तो आज ना उद्या ठरेलच, अशी माझी श्रद्धा आहे. पण तोपर्यंत तुम्हा सगळ्यांना हात जोडून एक मागणं आहे. नोंद प्रत्येक झाडावर उमटते आणि हरिणताई एकटीच आहे. तेव्हा तुम्हीही तिच्यासारखं एकेका झाडाखाली जाऊन उभे राहा. डावीकडे की उजवीकडे, ते मागाहून कळवतील.