पद्माकर डॉक्टरांचा थर्मामीटर

तुम्ही गुंडूरावांची पाच मिनिटं चोरलीत. हॉस्पिटलचे दहा मजले बांधलेत, खाली काचेच्या पेटीत मासे पोहायला ठेवलेत आणि बीपी मोजायला मात्र दर माणशी अर्धं मिनिट. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

गुंडूराव चाळीस वर्षं बेंगळुरातल्या चिकपेटमध्ये साड्या विकत होते. परवा त्यांनी साखरपुड्याला गर्द निळी म्हणून काळी साडी बांधून दिली. मुलीकडचे परत आले ते भांडायलाच. मुलगा प्रदीपकुमार म्हणाला, "आप्पा, मोतीबिंदू काढून घ्या. नाहीतर गादीवर उद्यापासून मी."

गादी म्हणजे गुंडूरावांचा जीव. त्यांनी लगेच तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला. "आजोबा, हात स्वल्प सैल सोडा की."

गुंडूराव ताठ झाले. "तू मराठी? कुठली गं?"

"निपाणीची. महानंदा."

झालं. बेंगळुरात घराबाहेर मराठी कानावर पडली की गाव, आडनाव आणि आजोळ विचारल्याशिवाय सोडायचं नाही, हा आपल्या लोकांचा रिवाज. पट्टा फुगत होता आणि गुंडूराव तिच्या आत्याशी आपलं नातं जुळवत होते.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," महानंदा म्हणाली. "आज ऑपरेशन नाही व्हायचं, आजोबा."

त्यांना हृदयाच्या मजल्यावर पाठवलं. ईसीजीची पट्टी निघाली, सोनोग्राफी झाली, हृदय ठणठणीत. तरी एक गोळी वाढली. पुढच्या आठवड्यात पट्टा फुगता फुगता आत्याचा पत्ता लागला, ती गुंडूरावांच्या साडूच्या शेजारची निघाली. एकशे चौऱ्याऐंशी. आणखी एक गोळी. त्या गोळ्यांनी दुकानात उठता उठता घेरी आली, फळीला धरायला गेले आणि सत्तर साड्या अंगावर घेऊन खाली बसले. त्या दुपारी गादीवर प्रदीपकुमार बसला.

"पद्माकर डॉक्टर हवे होते," संध्याकाळी ते बायकोला, लक्ष्मीदेवींना म्हणाले. "दुकानामागच्या बोळात एक बाकडं, स्पिरिटचा वास, लाल औषधाच्या बाटलीला कागदाची खाचांची पट्टी. बीपी बघायचं असलं तरी आधी तोंडात थर्मामीटर. मग स्वतः पाच मिनिटं पेपर वाचायचे. मग पट्टा. एवढी काळजी आता कोण घेतं?"

लक्ष्मीदेवींची विळी थांबली. "ताप किती निघायचा?"

"तो काही त्यांनी कधी बघितला नाही."

त्यांनी नवऱ्याच्या सदा चालू तोंडाकडे पाहिलं. "सरी, बरं," म्हणाल्या आणि पुन्हा घेवडा चिरू लागल्या.

तिसऱ्या खेपेला महानंदा दिसताच गुंडूरावांनी तोंड उघडलं. लक्ष्मीदेवींनी पिशवीतून थर्मामीटर काढून त्यात ठेवला. "मिटा. पद्माकर डॉक्टरांची पद्धत." गुंडूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, त्यांना ताप नाही," महानंदा म्हणाली.

"ठाऊक आहे. पाच मिनिटं थांब, बाई."

मागची रांग कुरकुरली. देखरेखीवरचा रोशन आला. "अम्मा, एवढा टाइम नाही देता येत."

"मग मोठ्या साहेबांना बोलव. ते येईपर्यंत पाच मिनिटं होतील."

झाली. एकशे चौतीस.

दुपारी मोतीबिंदू निघाला. गोळ्याही कमी झाल्या. पंधरवड्यानं गुंडूराव गादीवर बसले आणि निळ्याच्या अकरा छटा साड्या बघायला आलेल्या पोरींना ओळीनं सांगितल्या. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतात, "बीपी आहे? तोंडात थर्मामीटर धरा. त्यातला पारा बीपी खाली ओढतो. पद्माकर डॉक्टरांचं गुपित आहे हे."

शेजारी घडी घालत बसलेल्या लक्ष्मीदेवी काही बोलत नाहीत. त्यांनी त्या डॉक्टरांचं खरं गुपित राखलं आहे.

पण तुम्ही बोला. बोळातल्या एका बाकड्यावर मिळायची ती पाच मिनिटं तुमच्या दहा मजल्यांत कुठल्या मजल्यावर मिळतात? सांगा.